जुनी बंदूक : निवड की नाइलाज?

२६ जानेवारी २०२० रोजी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री-नॉट-थ्री रायफलीला औपचारिक निरोप दिला. ली-एनफील्ड घराण्यातली ही रायफल. तिचा सर्वांत गाजलेला नमुना ब्रिटिश सैन्याने १९०७ मध्ये स्वीकारला होता. या निरोपाला तीन वर्षंही झाली नव्हती, तेवढ्यात युक्रेनच्या खंदकांत त्याच काळातली दुसरी बंदूक पुन्हा धडधडू लागली. ती म्हणजे रशियन साम्राज्याच्या दिवसांतली, पाण्याने थंड होणारी मॅक्झिम मशीनगन, १९१० चा नमुना. एक हत्यार निवृत्त होत होतं आणि त्याचंच समवयस्क आघाडीवर परतत होतं. मग जुनी लष्करी हत्यारं आजच्या सैन्याच्या उपयोगाची आहेत की नाहीत? हा प्रश्न नुसता संग्रहालयांचा आणि हौशी लोकांचा नाही. कुणाच्या तरी हातात ते हत्यार द्यायचं असतं आणि त्या माणसाने त्याच्या भरवशावर उभं राहायचं असतं.

पुढच्या संवादातली दोन्ही माणसं कल्पित आहेत, त्यांच्यातला वाद मात्र खरा आहे. तात्या ईएमईतून, म्हणजे सैन्याच्या यंत्रविभागातून, आर्मरर म्हणून निवृत्त झालेले सुभेदार. राहणं सातारा जिल्ह्यात. पलटणीची हत्यारं तपासायची, दुरुस्त करायची, नाहीतर बाद ठरवायची, यात त्यांची हयात गेली. त्यांची पुतणी पुण्यात संरक्षणशास्त्र शिकवते.

पुतणी : तात्या, माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ज्या रायफलीवर रात्री पाहण्याची दुर्बीण बसत नाही, ती आजच्या सैनिकाला देऊ नये. लढाई आता अंधारात होते. समोरच्याला तुम्ही दिसता आणि तुम्हाला तो दिसत नाही, एवढं झालं की बाकीच्या गुणांना अर्थ उरत नाही. रायफलीचं लाकूड कितीही सुंदर असो, नळी कितीही सरळ असो.

तात्या : लाकडाचं कौतुक मी करतच नाही. जवसाचं तेल पाजून पाजून लाकूड सांभाळावं लागतं, पावसात ते फुगतं, नळीवर दाब आणतं आणि निशाण हलतं. हे आम्ही निस्तरलंय. माझा मुद्दा पोलादाचा आहे. हत्याराचं वय पंचांगावरून ठरत नाही. किती गोळ्या झाडल्या, नळी कितपत झिजली, बोल्ट बंद झाल्यावर काडतुसामागे किती फट राहते, यावर ते ठरतं. ती फट आम्ही गेजने मोजायचो. चाळीस वर्षांची रायफल गेजमध्ये पास व्हायची आणि पाच वर्षांची, हेळसांड झालेली, नापास व्हायची. म्हणून ‘जुनी झाली, काढा’ असं कुणी म्हटलं की मी विचारतो, मोजलीस का?

पुतणी : मोजणाऱ्याचं हे बरोबर आहे. पण ती मोजणी एवढंच सांगते की गोळी नीट सुटेल आणि झाडणाऱ्याला इजा होणार नाही. ती गोळी लढाईत पुरेशी आहे का, हे गेज सांगत नाही.

तात्या : मग ब्राउनिंगचं काय म्हणशील? पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जॉन ब्राउनिंगने ज्या जड मशीनगनचं काम सुरू केलं, ती १९३३ पासून एम-टू म्हणून ओळखली जाते. अमेरिकेचं सैन्य ती आजही वापरतं. तिची जागा घ्यायला किती नमुने आले नि गेले. आपल्याकडची नऊ मिलिमीटरची पिस्तुलं बघ. त्याच ब्राउनिंगच्या १९३५ च्या पिस्तुलाची ती इशापूरच्या कारखान्यातली आवृत्ती. आपल्या अधिकाऱ्यांच्या कमरेला ती दशकानुदशकं राहिली.

पुतणी : इथे दोन गोष्टींची गल्लत होते आहे, तात्या. जुना आराखडा वेगळा आणि जुना नग वेगळा. एम-टूचा आराखडा जुना आहे, पण ती गन सतत बनत राहिली, सुधारत राहिली. आधी नळी बदलली की गनरला हेडस्पेस, म्हणजे तुमची ती काडतुसामागची फट, आणि टायमिंग हाताने जुळवावं लागायचं. चूक झाली तर गन त्याच्याच तोंडावर फुटण्याची भीती. नव्या एम-टू-ए-वनमध्ये ती जुळवणीच काढून टाकली, नळी झटक्यात बदलता येते. कारखाना चालू, सुटे भाग चालू, प्रशिक्षण चालू. अशा हत्याराला जुनं कशाला म्हणायचं? कोठारात पन्नास वर्षं पडलेला आणि कुणी नवा न बनवलेला नग, त्याबद्दल मी बोलते आहे.

तात्या : ही फोड मला मान्य आहे. पण मग युक्रेनची मॅक्झिम घे. तो जुना नगच आहे, आराखडा नव्हे. कोठारातून काढला, ग्रीस पुसलं आणि आघाडीवर बसवला. का चालला? नळीभोवती पाण्याचं पिंप असतं. हवेवर थंड होणाऱ्या गनची नळी काही पट्टे सलग झाडले की बदलावी लागते, नाहीतर ती लाल होते. मॅक्झिम मात्र पाणी आहे तोवर थांबत नाही. वजन गाडा आणि ढालीसकट साठ किलोच्या वर. धावत्या सैनिकाला ते ओझं आहे. पण बंकरमध्ये एकदा बसवली की तेच वजन तिला स्थिर ठेवतं. समोरून पायदळाच्या लाटा येत असतील तर असंच हत्यार हवं. काही ठिकाणी दोन-दोन, चार-चार मॅक्झिम एकत्र जोडून ड्रोन पाडायलाही वापरल्या आहेत.

पुतणी : आणि तिला गोळी कोणती लागते?

तात्या : ७.६२ बाय ५४, बुडाला कड असलेली. १८९१ पासून सेवेत असलेलं काडतूस. तेच पीकेएम मशीनगनला चालतं, तेच ड्रॅगुनोव्ह रायफलीला. म्हणून तर मॅक्झिम जिवंत राहिली. दारूगोळ्याची वेगळी रांग लावावी लागली नाही.

पुतणी : मग त्याच काडतुसाची दुसरी गोष्टही सांगते. तेच युद्ध, साल २०२२. दोनेत्स्क आणि लुहान्स्कमध्ये रशियाच्या बाजूने पुरुषांना जबरदस्तीने भरती केलं. त्यातल्या काहींच्या हातात काय दिलं, तर मोसिन-नागां. १८९१ चीच रायफल. पाच गोळ्यांची, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे-पुढे करायचा. समोर स्वयंचलित रायफली, मशीनगन, डोक्यावर ड्रोन. काडतूस तेच, जमाना तोच, युद्धही तेच. मॅक्झिम उपयोगी ठरली आणि मोसिन देणं हा त्या माणसांवरचा अन्याय ठरला. काय फरक पडला?

तात्या : काम. मॅक्झिमला तिला जमणारं काम दिलं. मोसिनवाल्याला मात्र जे काम दिलं, ते त्या रायफलीला जमणारं नव्हतं.

पुतणी : आणखी एक फरक आहे. मॅक्झिम बसवणाऱ्या तुकडीने ती बसवताना विचार केला होता, ही गन इथे का हवी. मोसिन देणाऱ्याने विचार केला तो एवढाच, की माणसं आली आहेत आणि हातात काहीतरी द्यायला हवं. एक निवड होती, दुसरा नाइलाज. नाइलाजाची किंमत निर्णय घेणाऱ्याने मोजली नाही, खंदकातल्या माणसाने मोजली.

तात्या : हे आपल्याला परकं नाही. १९६२ मध्ये नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, आणि लडाखमध्ये आमच्या आधीच्या पिढीकडे थ्री-नॉट-थ्री होती. समोर चिन्यांकडे अर्धस्वयंचलित रायफली आणि सबमशीनगन. रेझांग लाला मेजर शैतानसिंग यांच्या कुमाऊंच्या कंपनीने त्याच रायफलींवर शेवटपर्यंत झुंज दिली, शंभराहून अधिक जवान तिथेच पडले. नामका चूच्या बाजूला तर अंगात सुती कपडे आणि जवळ मोजक्या गोळ्या. ती रायफल वाईट नव्हती, हे मी आजही सांगेन. पहिल्या महायुद्धाच्या आधी ब्रिटिश पायदळाला तिच्यावर मिनिटाला पंधरा नेम धरून गोळ्या मारायला शिकवत असत, तीनशे यार्डांवर. पण तेवढ्या सरावाला वेळ लागतो, काडतुसं लागतात. दोन्ही दिलं नाही आणि रायफल तेवढी दिली.

पुतणी : माझा राग तिथेच आहे, तात्या. रेझांग लाचं आपण शौर्य म्हणून स्मरण करतो आणि ते करायलाच हवं. पण शौर्याच्या आड कमतरता लपते. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत सीएसटीवर दोन दहशतवादी एके रायफली घेऊन शिरले. पोलिसांपैकी काहींकडे थ्री-नॉट-थ्री होत्या, बाकीच्यांकडे लाठ्या. पन्नासहून अधिक माणसं त्या स्थानकात मेली. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी त्या दोघांतल्या कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली. त्यांना अशोकचक्र मिळालं. पण ज्या व्यवस्थेने त्यांना लाठीनिशी तिथे उभं केलं, तिला आपण पुरेसं विचारलं का?

तात्या : नाही विचारलं. पण मीही एक विचारतो. त्या सीएसटीच्या पोलिसांच्या हाती त्या दिवशी नव्या रायफली असत्या, पण वर्षातून पाच गोळ्या झाडायलाही मिळत नसत्या, तर काय झालं असतं? तुम्ही खरेदीचं बोलता. सरावाच्या काडतुसांचं कुणी बोलत नाही. रेंजवर न गेलेल्या माणसाच्या हातातलं नवं हत्यार मला जुन्या हत्यारापेक्षा जास्त धास्ती देतं.

पुतणी : सराव हवाच. पण सराव केला तरी दहा गोळ्यांची बोल्टची रायफल आणि तीस गोळ्यांची स्वयंचलित रायफल यांतलं अंतर जवळच्या लढाईत भरून निघत नाही. हत्यारातलं असं अंतर पुढे आपल्याच सैन्यानेही अनुभवलं. श्रीलंकेत शांतिसेना गेली, १९८७ ते ९०. आपल्याकडे अर्धस्वयंचलित एसएलआर. उत्तम रायफल, १९६२ च्या पराभवानंतर तीच घेतली होती. पण लांब, जड, भरली की पाच किलोच्या आसपास. समोर एलटीटीईच्या तमिळ बंडखोरांकडे आखूड एके. झाडीत, गल्लीत, वीस पावलांवर कोण आधी वळतो यावर जीव ठरायचा. त्यानंतर आपण एके विकत घेतल्याच की.

तात्या : घेतल्या. आणि त्याच एसएलआरची आठवण पुढे किती जणांनी काढली ते मला विचार. इन्सास आली. पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेत बेतलेली, आपली, हलकी, ५.५६ ची. त्यात चांगलं होतंच. पण कारगिलच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या. नवं म्हणजे चांगलं, हे मी त्या दिवसापासून मानायचं सोडलं. आणि २०१९ मध्ये सैन्याने कोणत्या रायफलीचा करार केला? सिग ७१६, बहात्तर हजारांवर. गोळी कोणती? ७.६२ बाय ५१. एसएलआरचीच गोळी! वीस-पंचवीस वर्षांनी आपण जिथून निघालो तिथेच आलो.

पुतणी : गोळी परत आली, रायफल परत आली नाही. हे महत्त्वाचं आहे. अफगाणिस्तानातही असंच झालं. अमेरिकन सैनिकांकडे ५.५६ ची आखूड रायफल, आणि तालिबान डोंगरावरून पीकेएमने पाचशे-सहाशे मीटरवरून झाडायचे. उत्तर द्यायला लांब पल्ल्याची गोळी हवी होती. म्हणून १९५७ ची एम-फोर्टीन कोठारातून बाहेर काढली. पण ती जशीच्या तशी नाही दिली. लाकूड काढलं, धातूचा नवा सांगाडा चढवला, दुर्बीण बसवली आणि निवडक नेमबाजांना दिली. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेने ६.८ मिलिमीटरची आणखी जोरकस गोळी आणि तिची नवी रायफल निवडली. जुना विचार परत येतो, कारण लढाईचं अंतर आणि समोरचं चिलखत बदलतं. जुना नग परत येतो तो तात्पुरता, फट बुजवायला.

तात्या : फट बुजवायला का होईना, तो कोठारात होता म्हणून मिळाला ना? तो वितळवून टाकला असता तर? नवीन रायफलीचा करार, चाचण्या, कारखाना यांना किती वर्षं लागतात ते तूच शिकवतेस. एके-२०३ चं बघ. सहा लाखांवर रायफलींचा करार २०२१ च्या डिसेंबरात झाला, अमेठीतल्या कोरव्याला कारखाना. एवढ्या रायफली एका रात्रीत बनत नाहीत. मधल्या वर्षांत पलटण काय काठ्या घेऊन उभी राहणार?

पुतणी : मधल्या काळासाठी जुनं हवं, हे मी नाकारत नाही. पण मधला काळ किती लांबवायचा? आपल्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. आणि या काळात एकाच पलटणीत ५.५६, एकेची ७.६२ बाय ३९ आणि सिगची ७.६२ बाय ५१, अशा तीन जातींची काडतुसं नांदतात. एकाची संपली तर शेजाऱ्याची घेता येत नाही.

तात्या : तिथे तू माझ्या दुखण्यावर बोट ठेवलंस. हत्यार जुनं होण्याआधी त्याची साखळी जुनी होते. आधी काडतुसं बनणं कमी होतं. मग एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिन, स्प्रिंग मिळेनाशी होते. मग एका रायफलीतून काढून दुसरीत घालायचं. शेवटी दहापैकी सहा चालतात आणि कागदावर मात्र दहा. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची, तिथल्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ अक्षरं असत. त्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या कॅपमधला क्षार नळीत बसायचा, म्हणून फायरिंग झालं की नळीतून उकळतं पाणी ओतायचं, मग पुलथ्रूला चिंधी बांधून सुकं करायचं, मग तेल. हे माहीत असलेला माणूस निवृत्त झाला की रायफल आतून गंजते. वरून बघणाऱ्याला ती चकचकीतच दिसते.

पुतणी : आणि मग बिहारसारखं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी पोलिसांनी मानवंदनेसाठी बावीस रायफली उचलल्या, आणि एकही उडाली नाही. सुदैवाने समोर शत्रू नव्हता.

तात्या : त्यात रायफलीला दोष देऊ नको. काडतूस जुनं असेल, साठवण दमट असेल, तपासणी नसेल. दोष सांभाळणाऱ्यांचा.

पुतणी : पण तात्या, झाडणाऱ्याला तो फरक काय कामाचा? दोष पोलादाचा की गोदामाचा, त्याच्या हातात न उडालेली रायफलच राहते.

तात्या : … हे खरं आहे. बरं, आता जिथे जुनं हत्यार उत्तमच आहे अशी ठिकाणं सांगतो, ती तरी मान्य कर. ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर डेन्मार्कची सिरियस नावाची तुकडी कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालते. त्यांनी पहिल्या महायुद्धातली १९१७ ची एनफील्ड रायफल दशकानुदशकं वापरली. बोल्टची. उणे चाळीसच्या थंडीत वंगण घट्ट होतं, स्वयंचलित यंत्रणा अडते. बोल्ट हाताने ओढता येतो. गोळी ध्रुवीय अस्वलाला थांबवेल एवढी जड. त्यांना मिनिटाला सहाशे गोळ्या नकोतच, एक हवी आणि ती हमखास.

पुतणी : हे मान्य. किंबहुना याहून चांगलं उदाहरण कॅनडाचं आहे. तिथल्या रेंजर्सकडे १९४७ पासून ली-एनफील्ड होती, आपलीच थ्री-नॉट-थ्री. उत्तरेच्या बर्फात गस्त, बरेचसे रेंजर स्थानिक आदिवासी. त्यांनी ती सत्तर वर्षं सांभाळली. मग सुटे भाग मिळेनात, तेव्हा सरकारने बदलायचं ठरवलं. आणि बदलून काय दिलं, तर पुन्हा बोल्टचीच, पण नवी. फिनलंडच्या टिक्का रायफलीच्या आराखड्यावर कॅनडात बनवलेली. गस्तीचं काम काय आहे ते पाहून जुनी पद्धत ठेवली आणि जुने नग निवृत्त केले. निर्णय असा व्हावा असं मला वाटतं.

तात्या : आणि आपली एल-सेव्हंटी? ती बंदूक नाही, चाळीस मिलिमीटरची तोफ आहे, पण मुद्दा तोच. बोफोर्सची, साठच्या दशकात आपल्याकडे आलेली. विमानं ध्वनीपेक्षा वेगाने जाऊ लागली तेव्हा लोकांनी तिला हसून बाजूला सारलं. २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानकडून ड्रोनच्या झुंडी आल्या आणि तीच कामी आली. ड्रोन स्वस्त आणि हळू. त्याच्यावर कोट्यवधींचं क्षेपणास्त्र खर्च करायचं की मिनिटाला तीनशे गोळे फेकणारी तोफ वापरायची? युक्रेनमध्ये तर ड्रोन पाडायला सैनिक बारा बोअरची छर्ऱ्याची बंदूक जवळ ठेवतात, दोन्ही बाजूंचे. शिकाऱ्याचं हत्यार! धोका नवा आला आणि जुन्या हत्याराला काम मिळालं. हे तू आधी सांगू शकली असतीस का?

पुतणी : नसते सांगू शकले. भविष्याबद्दल तुमचा हा मुद्दा मी घेते. कोणतं हत्यार पुन्हा लागेल याचा अंदाज करताना आपण नम्र असावं. पण एल-सेव्हंटी तशीच ठेवली होती का? तिला नवं रडार जोडलं, रात्री आणि धुक्यात पाहणारे डोळे दिले, विजेवर फिरणारी केली. तोफेची नळी जुनी, नजर नवी. सुरुवातीला मी जे म्हटलं ना, रात्रीची दुर्बीण बसत नसेल तर देऊ नका, ते इथे उलट बाजूने सिद्ध होतं. जुन्या हत्याराला नवी नजर देता येत असेल तर ते कामाचं. देता येत नसेल तर त्याला अशा कामावर ठेवा, जिथे त्या नजरेची गरजच नाही.

तात्या : म्हणजे पहारा, कवायत, सलामी, प्रशिक्षण.

पुतणी : पहारा नको म्हणू, तात्या. सीएसटीवरचे पोलीस पहाऱ्यावरच होते. ‘इथे काही होत नाही’ असं म्हणून आपण जुनी हत्यारं जिथे पाठवतो, नेमकं तिथेच शत्रू येतो, कारण तिथे जुनी हत्यारं आहेत हे त्यालाही माहीत असतं.

तात्या : बरोबर बोललीस. पहारा मागे घेतो. पण शिक्षण सोडणार नाही. एनसीसीत महाराष्ट्रातल्या हजारो मुलामुलींनी पॉइंट टू-टू रायफलीवर पहिला नेम धरला, कवायतीच्या थ्री-नॉट-थ्रीने खांदे दुखवून घेतले. साध्या रायफलीवर श्वास कसा धरायचा, ट्रिगर कसा दाबायचा हे शिकलेला पोरगा पुढे कोणतंही हत्यार लवकर शिकतो. आणि राखीव साठा ठेवावाच. मोठं युद्ध लांबलं तर किती हत्यारं लागतात ते युक्रेनने दाखवलं. चांगल्या एसएलआर ग्रीसमध्ये घालून ठेवा.

पुतणी : ठेवा, पण त्यांच्यासोबत काडतुसं, सुटे भाग आणि तपासणारा आर्मररही ठेवा. दर काही वर्षांनी त्यातल्या थोड्या काढून झाडून बघा. हे करायचं नसेल तर तो राखीव साठा नाही, भंगार आहे. त्यावर पहाराही द्यावा लागतो, कारण चोरीला गेलेली जुनी रायफलही माणूस मारते. आणि तो साठा दाखवून नवी खरेदी पुढे ढकलायची नाही. आपल्याकडे राखीव साठा हे पुष्कळदा न खरेदी करण्याचं कारण होतं.

तात्या : ते ठरवणं आमच्या हातात नव्हतं, पोरी. आर्मरर फक्त एवढंच म्हणू शकतो, ही चालेल आणि ही चालणार नाही.

पुतणी : मग आर्मररच्या त्या ‘चालणार नाही’ला वजन द्यायला हवं. तुम्ही बाद ठरवलेली रायफल पुन्हा यादीवर कशी आली, हे कुणीतरी विचारायला हवं.

दोघांचं पूर्ण एकमत झालं नाही आणि ते होण्याची गरजही नाही. तात्यांचा विश्वास नीट सांभाळलेल्या पोलादावर आहे. पुतणीला त्या पोलादामागच्या माणसाची काळजी आहे. मॅक्झिम आणि मोसिन यांच्याबाबत मात्र दोघं एका जागी येतात, आणि मला तेच या वादाचं सार वाटतं. एकाच काडतुसाची, एकाच काळातली दोन हत्यारं एकाच युद्धात उतरली. एकाला काम पाहून जागा दिली गेली. दुसरं, देण्यासारखं काही नव्हतं म्हणून दिलं गेलं. जुनं हत्यार सैन्यात राहू शकतं, ते निवड म्हणून. नाइलाज म्हणून ते राहत असेल तर त्या नाइलाजाचं ओझं वाहणारा माणूस ठरावीकच असतो, आणि खरेदीच्या फाइलीवर सही करणाऱ्यांत तो कधीच नसतो.

म्हणून मागणी साधी आहे. सैन्य असो, राज्याचं पोलीस दल असो की होमगार्ड, ज्या दलाच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं हत्यार अजून कामावर आहे, त्या दलाने त्याचं कारण लेखी नोंदवावं. ते कोणत्या कामासाठी ठेवलं आहे, समोर कोणतं हत्यार येण्याची शक्यता आहे, काडतुसं कोणत्या वर्षीची आहेत आणि कुठे बनतात, सुटे भाग किती आहेत, ते हत्यार हाती घेणाऱ्या माणसाने गेल्या वर्षात किती गोळ्या झाडल्या आणि ते बदलणार कधी. आर्मररची सही त्या नोंदीवर असावी आणि त्याच्या वरच्या अधिकाऱ्याचीही. उत्तरं पटण्यासारखी असतील तर रायफल शंभर वर्षांची असली तरी खुशाल राहू द्यावी. उत्तरं देता येत नसतील तर ती रायफल त्या माणसाच्या हातातून त्याच दिवशी काढून घ्यावी, आणि दुसरी मिळेपर्यंत त्याला त्या जागेवर उभं करू नये.